उजव्या कानाची खूण

डाव्या कानाला खालून एक चीर, उजव्या कानाचं टोक दुभंगलेलं. हुलसूरच्या आसपास कुणाच्याही कळपात असं मेंढरू घुसलं, तर लोक चौकशी करत नाहीत. तुळजारामच्या वाटेला हाकलून देतात.

*

बंडेप्पा व्यापाऱ्याच्या मोटारसायकलला लाल रंगाचा डबा लटकलेला असतो. सौदा ठरला की तो त्यात दोन बोटं बुडवतो आणि मेंढीच्या पाठीवर ओढतो. त्यानंतर त्या मेंढीला घरातलं कुणी हाक मारत नाही.

*

पितळी घंटा. काठाला तडा गेलेला, म्हणून ती घणघणत नाही, खणकते. तुळजारामच्या बायकोबरोबर, बाणूबाईबरोबर, माहेराहून जी मेंढी आली तिच्या गळ्यात ही घंटा होती. मेंढी गेली. घंटा तिच्या पिलाच्या गळ्यात, मग त्या पिलाच्या पिलाच्या.

*

डोक्याला बांधायची बॅटरी गावात सगळ्यात आधी तुळजारामनं आणली. लोक हसले. "कपाळाला तिसरा डोळा लावलाय की ह्यानं," वीरण्णा चहावाला म्हणाला. पुढच्या हंगामात हसणाऱ्यांच्याही कपाळाला तसेच डोळे.

*

भिंतीतल्या देवळीत, भंडाऱ्याच्या डबीमागं, पांढऱ्या प्लास्टिकची एक डबी. महिनाभर तिला कुणी हात लावलेला नाही.

*

त्या डबीत कानाची मशीन होती.

भालकीच्या रस्त्यावर एक लॉरी मागून हॉर्न देत आली आणि सत्तरी ओलांडलेल्या तुळजारामला तो ऐकूच आला नाही. कळप रस्ता ओलांडत होता. पुढची मेंढी वाचली, मागची चाकाखाली गेली. ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, तेही तुळजारामला नुसतं तोंड हलल्यासारखं दिसलं. बातमी बीदरला पोचली आणि दुसऱ्या दिवशी मुलगा अनिलकुमार शहरातल्या मैलूर भागातून आला. तो तिथं पंपांच्या दुकानात काम करतो, दोन खोल्यांत राहतो. त्यानं बापाला बीदरला नेलं, कान तपासून घेतले आणि उजव्या कानासाठी मशीन आणली. डाव्यात आता काही उरलेलं नव्हतं.

तुळजारामनं दवाखान्यात ती निमूट घालून घेतली. घरी आल्यावर काढली, हातावर घेतली, उन्हात धरून उलटीपालटी केली. मग डबीत ठेवली, डबी देवळीत ठेवली.

"अप्पा, घाला की," अनिलकुमार म्हणाला.

तुळजारामनं मान हलवली. नाही अशी.

"कामून?"

"तोंडानं बोल. मला तोंड वाचाय येतंय."

"मेंढरं मागं गेल्यावर हॉर्नचं तोंड वाचणार हाव व्हय?"

अनिलकुमारचा आवाज चढला, आणि बहिऱ्याशी बोलताना चढलेला आवाज गल्लीत सगळ्यांना ऐकू जातो. "मग मेंढरं विकू. तुमी आन माय मैलूरला चला. पुढच्या महिन्यात येतो. तवर मशीन कानात असंल तर मी गप. न्हाई तर शुक्रवारच्या दिशी बंडेप्पाला बोलावतो."

तुळजारामला सगळं वाचता आलं. बंडेप्पाचं नाव तर फारच नीट.

*

मशीन का घालत नाही ह्याची उत्तरं गावाकडं तयार होती.

म्हातारा लाजतोय, असं वीरण्णा म्हणाला. त्याला स्वतःला हल्ली चहा उतू गेलेला कळत नव्हता, पण तो विषय वेगळा. बारकी बटणं आहेत, बोटांना जमत नसतील, असं सुनेचं म्हणणं. ती फोनवर सांगायची, मामांना एकदा नीट शिकवायला पाहिजे. अनिलकुमारला वाटायचं, नव्याची भीती. पण हाच माणूस फोनवर रोज बघायचा की बसवकल्याणकडं पाऊस पडला का, तिकडं हिरवं झालं का, आणि त्याप्रमाणं कळप वळवायचा. फोन त्याला कुणी शिकवला नव्हता. चारा कुठं आहे हे त्यात दिसतं कळल्यावर तो दोन दिवस फोन घेऊन बांधावर बसला आणि शिकूनच उठला.

बाणूबाईची अडचण साधी होती. जन्मभर तिनं नवऱ्याला "ऐकताव का" अशी हाक मारली होती. आता तिला तीच हाक शोभेनाशी झाली.

*

रविवार. घरात कानाच्या खुणा करायच्या त्या रविवारीच.

कोकरू बाणूबाईच्या मांडीत. तुळजारामच्या हातात पात्याचा तुकडा. डाव्या कानाला चीर, उजव्याचं टोक दोन भागांत. कोकरू एकदाच ओरडलं. तिनं रक्तावर राख आणि हळद दाबली, कपाळाला भंडारा लावला आणि सोडून दिलं. ते आईकडं पळालं. आता हे कळपातलं.

पातं पुसता पुसता तुळजाराम थांबला.

"शुक्रवारी येणार हाय तुझा लेक," तो म्हणाला. "बंडेप्पाला घेऊन."

बाणूबाई त्याच्या उजव्या कानापाशी सरकली. "तुमचा बी लेक हाय. घाला की ती मशीन. आडून बसायलाव उगं."

"सौदा झालेली चीज कानात घालू?"

"कसला सौदा?"

तो उठला. देवळीतून पांढरी डबी आणली, उघडली आणि मशीन तिच्यासमोर धरली. बाणूबाईनं पदरानं डोळे पुसून जवळून पाहिलं. राखी रंगाचं, भुईमुगाच्या शेंगेएवढं. त्याच्या आतल्या बाजूला एक लाल ठिपका.

"बघ," तो म्हणाला. "बंडेप्पाचा रंग."

ती हसणार होती. त्याच्या तोंडाकडं पाहून हसू गिळलं.

"ज्या दिशी ही आणली त्याच दिशी त्यो म्हणला, मेंढरं विकू, तुमी मैलूरला चला. मेंढरांच्या पाठीवर नंतर लागंल. माझ्या कानाला आधी लावला."

"आवं, पोरगं हाय ते. तुमाला इकंल व्हय?"

"इकत न्हाई. हाकलत नेतंय. कुठल्या दावणीला बांधायचं ते त्यानं ठरिवलंय."

ठिपका कशाचा हे बाणूबाईलाही माहीत नव्हतं. पण नवऱ्याचं सगळंच चुकलंय असं तिला म्हणवेना. मैलूरच्या दोन खोल्यांत आपली जागा कुठली, हे तिनंही मनात बघून ठेवलं होतं: खिडकीखाली, पाण्याच्या टाकीशेजारी.

मग ती कानाशी वाकून म्हणाली, "ऐकताव का. उदगीरच्या बाजारातून आपण मेंढी आणली तवा तिच्या पाठीवर कुणाचा रंग व्हता?"

"असंल कुणाचा तरी."

"ध्यानात न्हाई ना? कामून न्हाई? घरी आणल्यावर काय केलाव तिला?"

त्याची नजर कोकराच्या ताज्या चिरेकडं गेली.

"मग हिला बी करा," बाणूबाई म्हणाली.

त्यानं दाभण चुलीत तापवलं. लाल ठिपक्याच्या शेजारी, प्लास्टिकवर, अगदी बारीक: एक चीर आणि एक दुभंगलेलं टोक. बाणूबाईनं भंडाऱ्याची चिमूट लावली. लोकर कातायच्या चातीवरचा काळा धागा तोडून मशीनच्या कडीला बांधला, दुसरं टोक त्याच्या सदऱ्याच्या काजात, म्हणजे वाकल्यावर पडायची नाही. नव्या मेंढीच्या गळ्यात बांधतात तो हाच धागा.

तुळजारामनं मशीन कानात घातली. बाणूबाई उठून कळपाच्या पुढं चालणाऱ्या मेंढीजवळ गेली आणि तिच्या गळ्यातली घंटा हलवली.

त्याचा चेहरा वाकडा झाला.

"ही आपली न्हाई," तो म्हणाला. "पत्र्याचा डबा वाजिवल्यावानी वाजायलीय."

तिला वाटलं, आता काढून फेकेल. त्यानं काढली, पण देवळीकडं गेला नाही. हातातल्या मशीनकडं बघत म्हणाला, "नवी मेंढी पहिल्या दिशी बुजतीच."

*

बुधवारच्या सकाळच्या बसनं तो एकटा बीदरला गेला. मांडीवर पंचा, पंच्यात घंटा. बस खड्ड्यातून गेली की पंचा खणकायचा आणि लोक वळून बघायचे. कंडक्टरनं विचारलं, "काय अण्णा, बकरी लपवून न्यायलाव काय?"

"बकरी घरी हाय. तिचा आवाज घेऊन जायलोय."

बसस्टँडवर अनिलकुमार उभा होता. मायनं फोन केलेला. त्यानं बापाच्या सदऱ्यातून लोंबणारा काळा धागा पाहिला.

दवाखान्यात मशीन बसवणारी निलम्मा होती. तिचं मराठी कन्नड वळणाचं. "काय झालं, अज्जा? आवाज येत नाही काय?"

"येतोय. खोटा येतोय."

तिनं त्याच्या कानातली मशीन संगणकाला जोडली आणि आपल्या सवयीप्रमाणं वाक्यं बोलायला लागली. बस आली आहे. पाणी गार आहे. आज बाजार आहे. "माणसाचं बोलणं कळतंय काय, अज्जा?"

"माणसं बोलतच असत्यात. त्याला मशीन कशाला?" तुळजारामनं पंचा सोडला आणि घंटा टेबलावर ठेवली. "ह्याला बसव."

बाहेर बाकावर बसलेल्यांनी आत डोकावलं. अनिलकुमारला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अप्पा, इथं ते तसं नसतंय—"

"थांबा थांबा," निलम्मा म्हणाली. तिनं घंटा उचलून वाजवली आणि स्वतः कान देऊन ऐकली. "हे खालून फुटलेलं हाय काय? म्हणून असं." तिनं पडद्यावर काहीतरी खाली केलं. "आता?"

"पत्रा."

"आता?"

"पत्राच. पण लांबचा."

निलम्मा हसली. घंटा वाजायची, ती काहीतरी सरकवायची, तो मान हलवायचा. मधेच तो म्हणायचा, मागं घे, मघाशी होतं ते बरं होतं. बाहेरच्या बाकावरची माणसं खोळंबली, मग त्यांनाच त्यात गोडी लागली. "आता आली काय हो घंटा?" एक म्हातारी दारातून विचारायची, आणि आतून "न्हाई अजून" असं उत्तर जायचं.

मग एकदा घंटा वाजली आणि त्यानं मान हलवली नाही. हात वर केला, म्हणजे बस, हात लावू नको. निलम्मानं परत वाजवली. तो टेबलाच्या कडेला धरून बसला होता, डोळे मिटून.

"हीच," तो म्हणाला.

निलम्मानं मशीन एकदा पुसून द्यायला काढली तेव्हा तिला तो चरा दिसला. "हे काय झालं? पडली होती काय?"

"पडली न्हाई. ती माझी खूण हाय," तुळजाराम म्हणाला. मशीन तिच्या हातात होती, तरी तिचे ओठ त्याला नीट दिसत होते. "तू सांग. शेजारचा लाल रंग कुणाचा?"

"हा? लाल म्हणजे उजवा कान. डाव्याची असती तर निळा असता. अदलाबदल होऊ नये म्हणून करतात. सगळ्यांच्याच मशीनला असतो, अज्जा."

त्यानं एकदा मान हलवली. बाजारभाव कळल्यावर हलवावी तशी.

अनिलकुमारनं मशीन तिच्या हातातून घेतली. चीर, दुभंगलेलं टोक. लहानपणी त्यानं असंख्य कोकरं मांडीत धरली होती. त्या खुणेची ओळख पटायला त्याला वेळ लागला नाही. त्याच्या शेजारचा लाल ठिपकाही त्यानं पाहिला. मग त्याला बंडेप्पाचा डबा आठवला, आणि आपण काय बोललो होतो तेही.

"अप्पा," तो म्हणाला, "तुमाला काय वाटलं—"

"मला काय वाटलं न्हाई." तुळजारामनं मशीन घेतली आणि स्वतःच्या हातानं कानात बसवली. बारक्या बटणासकट. "उजवा व्हय. मग बरोबर जागी हाय."

परतीच्या बसपर्यंत दोघं चालत गेले. अनिलकुमार बापाच्या उजव्या बाजूनं चालत होता. त्यानं हळूच, नेहमीच्या आवाजात विचारलं, "घंटा मी धरू का?"

"धर," तुळजाराम म्हणाला. "वाजवू नको. लोक बघायलेत."

*

परवा वीरण्णा तुळजारामच्या दारात आला. हॉटेल सोडून तो सहसा कुठं जात नाही. इकडतिकडचं बोलला, मग म्हणाला, "ती मशीन मला बी चालंल काय रे?"

"तुला काय ऐकायचंय?"

"म्हणजे?"

"ते सांगावं लागतंय. न्हाई तर पत्रा वाजतोय."

वीरण्णानं विचार केला. "बायको सोडून सगळं," म्हणाला. बाणूबाई आतून हसली. मग तो खाली बघत म्हणाला, "चहा. उकळाय लागल्यावर एक आवाज येत होता बघ."

"मग पातेलं घेऊन जा," तुळजाराम म्हणाला.

*

भालकीचा रस्ता. कळप ओलांडतो आहे. पुढं घंटा, मागं तुळजाराम, सदऱ्यातून कानापर्यंत काळा धागा. मागून लॉरी हॉर्न देते. तो वळून बघत नाही. काठी नुसती आडवी धरतो. लॉरी थांबते, इंजिन घरघरत राहतं, आणि शेवटचं कोकरू पलीकडं जाईपर्यंत तो काठी खाली घेत नाही.

*

बीदरहून आल्यानंतरच्या शुक्रवारी बंडेप्पा ठरल्याप्रमाणं आला होता. तुळजारामच्या कानात मशीन होती, म्हणजे सौदा नव्हता. बंडेप्पानं चहा घेतला आणि लाल रंगाचा डबा न उघडता परत गेला.