गवताचा गोमा

गोमा निर्दोष सुटला. कोर्टाने तसा हुकूम लिहिला, खाली शिक्का मारला. माझ्या वकिलीतला हा पहिला विजय. आता हे वाचलंच नाही असं समजा. गोमानेही ते वाचलेलं नाही.

तर गोमा सरावलीच्या वरच्या अंगाला, डोंगराखालच्या पाड्यावर राहायचा. यंदा त्याने जमीनदार शेटच्या गवत कापणीला जायला नकार दिला. आधी माझं भात, मग तुमचं गवत, म्हणाला. आमच्या भागात एवढं बोलायला मोठं काळीज तरी लागतं, नाहीतर डोकं नसावं लागतं. मंगळवारी दुपारी बोईसरच्या बाजारात शेटच्या माणसांनी त्याला धरला, दोन दात पाडले आणि पोलीस चौकीत नेऊन दिला. गुन्हा असा, की सकाळी अकरा वाजता त्याने शेटच्या वखारीतून विळा चोरला. विळा गोमाचाच होता. मुठीवर त्याच्या बायकोच्या, तानीच्या, लुगड्याची चिंधी गुंडाळलेली होती. शेटच्या विळ्यावर तानीची चिंधी कशी, हे कोणी विचारलं नाही.

चोवीस तासांत आरोपीला कोर्टापुढे न्यायचं, असा कायदा आहे. चौकीचे जमादार नरहरी यांनी नेला नाही. मी विचारायला गेलो की म्हणायचे, "असा कोणी इसम इथे नाही." तेव्हा आत तो इसम ओरडत असायचा.

"मग ओरडतंय कोण, जमादारसाहेब?"

"वकील, तुम्ही नवीन आहात. जुन्या इमारतीला आवाज असतो."

इमारतीच्या तळपायांवर ओल्या बांबूने मारत होते. चौथ्या दिवशी तिच्या उजव्या हाताची बोटं टेबलाच्या पायाखाली ठेवून टेबलावर एक शिपाई बसला. हे मला त्या शिपायानेच चहा पिताना सांगितलं. वजन पुरेना म्हणून दुसऱ्यालाही बोलवावं लागलं, अशी त्याची तक्रार होती.

मी पालघरच्या कोर्टात अर्ज लावला. बाराव्या दिवशी, शनिवारी, हुकूम हातात पडला: गोमाला सोमवारी हजर करा. तो घेऊन मी जवळजवळ पळतच पाड्यावर गेलो. तिथे गोमाचे दिवस घालून नुकतेच उरकले होते.

त्याचं झालं असं. गोमा इथे नाही, असं चौकीने पाड्यालाही सांगितलं होतं, आणि ओढ्यात त्याचा रक्ताने भरलेला सदरा सापडला. भगताने सुपात तांदूळ टाकून पाहिले आणि गोमा गेला म्हणून सांगितलं. ज्याचे दिवस घातले नाहीत तो उपाशी घराभोवती फिरतो, म्हणून थांबायची सोय नव्हती. प्रेत नाही, तर गवताचा गोमा केला, त्याला तो सदरा घातला आणि जाळला. गवत शेटच्या माळावरचं होतं. त्याची फिर्याद अजून आलेली नाही.

"गोमा जिवंत आहे," मी म्हणालो.

तानी म्हणाली, "मंग आमी जाळला कोन?"

पोलीस पाटील चिंतू ताडी घेऊन बसला होता. "वकील, आता काय व्हायचा नाय. मी रपोट धाडला चौकीत."

"कसला?"

"मयताचा. दिवस घातलं म्हंजी मयत. तानीचा आंगठा हाय."

"मेला कधी म्हणून लिहिलंस?"

"पाड्यावर शेवटचा दिसला तवा. मंगळवारी सकाळी, न्याहारीला. मंग बघितला कोनी?"

रविवारी सकाळी तानीला घेऊन मी चौकीत गेलो. जमादारांनी कोर्टाचा हुकूम वाचला, चिंतूचा रिपोर्ट वाचला, दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. इतका समाधानी चेहरा मी लग्नातसुद्धा पाहिलेला नाही.

"बाई, हा अंगठा तुझा?"

"माजा."

"नवऱ्याचे दिवस घातलेस?"

"घातलं."

आतून आवाज आला. "तानी, भात झोडलास का?"

"नाय अजून," तानी म्हणाली. "तू ये, मंग झोडू."

जमादार उठले. "बारा दिवस जपून मारला याला," ते मला म्हणाले. "मेला असता तर जबाब द्यावा लागला असता." कोपऱ्यातली काठी घेऊन ते आत गेले आणि दार लावलं.

मी कोर्टाचा हुकूम दारावर आपटला. कागदाचा आवाज होत नाही. दोन शिपायांनी मला जमिनीवर दाबलं, त्यात चष्मा आणि एक बरगडी गेली. तानीने खिडकीचे गज धरले होते. एक काठी तिच्या बोटांवरही आली, तरी तिने गज सोडले नाहीत. आतला आवाज आधी लाकडावर लाकूड आपटावं तसा येत होता. मग ओली पेंढी झोडावी तसा येऊ लागला. भाताचं गोमाने पुन्हा विचारलं नाही.

त्याच दुपारी चिंचणीच्या किनाऱ्यावर एक बेवारस प्रेत सापडलं आणि संध्याकाळपर्यंत पुरूनही झालं. सरकारी काम इतक्या वेगाने झालेलं मी तेव्हाच पाहिलं.

सोमवारी जमादारांनी गोमाऐवजी रिपोर्ट हजर केला. मॅजिस्ट्रेट विचारी गृहस्थ. त्यांनी लिहिलं, की आरोपी मंगळवारी न्याहारीच्या वेळी मयत झाला, चोरी अकरा वाजता झाली, मेलेला माणूस विळा उचलू शकत नाही, सबब निर्दोष. विळा विधवेला परत द्यावा. रविवारी चौकीत कोण मेलं, असं मी विचारलं. अशा इसमाची नोंद नाही, असं उत्तर मिळालं.

कोर्टाबाहेर तानीने विळ्यावरची चिंधी सोडली, पाहिली, फुटलेल्या बोटांनी परत गुंडाळली.

"वकीलदादा, सुटला ना तो?"

"सुटला."

"मंग घरी कवा धाडतील?"

यावर कायद्यात उत्तर नव्हतं, म्हणून मी अर्ज लिहिला. तिच्या हाताचा अंगठा तेवढा शाबूत होता, तो तिने उमटवला.

"अर्जदार तानी हिची मे. कोर्टास नम्र विनंती की, मयत गोमा यास अटकेच्या मंगळवारपासून पुढील आठवड्याच्या रविवारपर्यंत, फक्त तेरा दिवस, जिवंत समजण्यात यावे, म्हणजे त्यास ठार मारल्याची नोंद घेता येईल. तसेच सदर मुदत भात झोडून होईपर्यंत वाढवून मिळावी. सबब अर्ज."