विक्रांतचं भूकंप-मार्गदर्शन

माझ्या नवऱ्याला भूकंपातलं सगळं कळतं. आम्ही राहतो आयर्लंडमध्ये, डब्लिनजवळच्या डून लेरीत. इथे घरामागून डार्ट, म्हणजे इथली लोकल, गेली की खिडकीची काच थरथरते, तेवढाच काय तो हादरा. पण विक्रांतने तीन व्हिडिओ पाहिले होते आणि एक लेख निम्मा वाचला होता.

त्याच्या आई, प्रभाबाई, डहाणूजवळच्या गावात एकट्या राहतात. तिथे २०१८च्या अखेरीपासून जमीन धड स्वस्थ बसलेली नाही. आई झेडपीच्या शाळेत मुख्याध्यापिका होत्या. निवृत्तीआधीच्या शेवटच्या महिन्यांत त्यांनी दीडशे पोरांना बाकाखाली शिरायला शिकवलं होतं, इतकं की घंटा न देता नुसती टाळी वाजवली तरी वर्ग रिकामा दिसायचा. हे विक्रांतला ठाऊक होतं. तरी लॉकडाऊनमध्ये घरात बसून त्याने आईला शिकवायला घेतलं.

आधी त्याने एक पेटी पाठवली. शिट्टी, कोरडी बिस्किटं, अंगावर घ्यायचं चंदेरी चकचकीत पांघरूण, आणि प्लास्टिकमध्ये बंद केलेला एक तक्ता: ‘हादरा बसताच दाराच्या चौकटीत उभे राहा किंवा तात्काळ बाहेर पळा.’ आईंनी शिट्टी ठेवून घेतली. पांघरुणावर सांडगे वाळत घातले. तक्ता कुठे गेला ते सांगितलं नाही.

“आई, तू हे सीरियसली घेत नाहीस,” विक्रांत फोनवर म्हणाला.

“घेते ना. लोखंडी कपाट भिंतीला ठोकून घेतलंय. माळ्यावरची पितळी भांडी खाली आणली. खाट खिडकीपासून लांब सरकवली. उशाशी बॅटरी आणि चपला. काचा फुटल्या तर अनवाणी कुठे जाशील?”

“ते ठीक आहे गं, पण तक्त्यात काय लिहिलंय—”

“तक्ता ज्यानं काढला त्याच्या घराला पडवी नसावी,” आई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

२०२१च्या फेब्रुवारीतला शनिवार. दर शनिवारी दुपारी बाराला आमची नऊ वर्षांची रेवा आजीकडे व्हिडिओवर मराठी वाचायची; तिकडे तेव्हा साडेपाच वाजलेले असायचे. रेवाला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र इंग्रजीत, तेही अस्सल आयरिश हेल काढून. त्या दिवशी ‘ज्ञ’वर गाडी अडली होती. मी शेजारी भाजी चिरत होते. विक्रांत सोफ्यावर.

एकदम आजीच्या मागचा पंखा झुलायला लागला. पाण्याच्या हंड्यावरचं झाकण खणखणत खाली पडलं. आई क्षणभर वर बघत राहिल्या, मग करड्या आवाजात म्हणाल्या, “टेबलाखाली!”

ही आज्ञा त्यांनी स्वतःलाच दिली असावी. पण त्या खाली गेल्या आणि इकडे आमची रेवाही टेबलाखाली गेली. बाईंनी सांगितलं म्हणजे सांगितलं.

विक्रांत मात्र उठून फोनवर झेपावला. “आई, बाहेर पळ! दारातून बाहेर पळ! अगं पळ ना!”

आईंचा फोन जमिनीवर पडला होता; पडद्यावर टेबलाचा पाय आणि तो घट्ट धरलेला त्यांचा हात दिसत होता. बांगड्या वाजत होत्या. मग घराच्या पुढच्या बाजूने मोठा आवाज झाला, एखाद्याने ट्रकभर विटा ओताव्यात तसा. विक्रांत ओरडतच होता.

हादरा थांबला. टेबलाचा पाय धरलेला हात सुटेना. मी दहा वेळा “आई” म्हटलं असेल. शेवटी आवाज आला, “थांब गं. पुन्हा येतोय का बघतेय.”

मग त्यांनी चपला घातल्या, सिलिंडर बंद केला आणि मागच्या दाराने अंगणात गेल्या. तिथून फोन फिरवून पुढची बाजू दाखवली. पडवीचं अर्धं छप्पर खाली आलं होतं. उंबऱ्याबाहेर कौलांचा गुडघाभर ढीग. वासाही तुटून चौकटीत आडवा पडला होता.

विक्रांत बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसला. त्याबद्दल मी त्याला कधी बोलले नाही. आई तिकडे आणि आपण इकडे, विमानं बंद. माणूस घाबरतो, काहीतरी ओरडतो. ते मला समजतं. पुढचं समजत नाही.

पंधरा दिवसांत इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर पोस्टर आलं: ‘परदेशातून आईवडिलांची सुरक्षा. वक्ते: विक्रांत. स्वतःच्या आईचे प्राण दूरस्थ मार्गदर्शनाने वाचवणारे!’ उद्गारचिन्ह त्याचंच.

“हे तू लिहून दिलंस?” मी विचारलं.

“थोडं सोपं करून सांगावं लागतं, उल्का.”

झूमवर चाळीसेक जण आले. विक्रांत इस्त्रीचा शर्ट आणि खाली पायजमा घालून बसला. पेटीचा फोटो दाखवला, तक्ता दाखवला. “मी शांतपणे आईला सूचना देत गेलो,” असं म्हणाला. रेवा माझ्या कानात कुजबुजली, “ही वॉज रोअरिंग, मम्मी.”

अध्यक्ष ज्ञानेश काळ्यांना शेवटी वाटलं, खुद्द आईंचे दोन शब्द घ्यावेत. विक्रांतने तोंड उघडलं, पण आई आधीच पडद्यावर आल्या होत्या, चष्मा लावून.

“मुलाने पेटी पाठवली, शिट्टी चांगली आहे,” त्या म्हणाल्या. “हादऱ्यात तो मला बाहेर पळ म्हणत होता. पळाले असते तर कौलांखाली गेले असते. दार दोन पावलांवर आणि समोर मोकळं मैदान असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर आत असाल तर आतच. खाली बसा, टेबलाखाली शिरा, पाय धरून ठेवा, हलणं थांबलं की मग निघा. चौकटीचं सोडून द्या. आता मला सांगा, आईवडिलांचं कपाट भिंतीला ठोकलंय का, हे कोणाकोणाला माहीत आहे? हात वर.”

चाळीस चौकोनांत एकही हात नाही.

“मग फोन करून विचारा. विक्रांत, तुझा माइक चालू आहे, तू उसासे टाकतोयस.”

विक्रांतने नेटवर्क गेल्याचं सांगून लॅपटॉप मिटला. दोन दिवसांनी त्याने कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग ग्रुपवर टाकलं, आईंचा भाग कापून. खाली कोणीतरी ‘प्रेरणादायी’ लिहिलं. त्याने त्याला हात जोडले.

ज्ञानेशनी मात्र आईंचा नंबर माझ्याकडून मागून घेतला. त्यांचे वडील किल्लारीजवळ एकटे राहतात. आता आई त्यांना दर रविवारी फोन करतात आणि कपाटाचा खिळा लागला का ते विचारतात. तीन रविवार झाले, सुतार येतो म्हणून आला नाही. आई त्या सुतारालाही फोन करणार आहेत.