टाकीवरचं घड्याळ

पन्नाशी उलटली तरी तिला सगळे छोटीच म्हणत. चष्म्याच्या दुकानात ती मोडक्या फ्रेमा दुरुस्त करायची. तिथले मालकसुद्धा गिऱ्हाइकाला सांगत, "छोटीकडे द्या, ती बघेल." नाव बाबांनी ठेवलेलं होतं. बाबा गेल्यावर ते बदलावं असं कुणाच्या मनातही आलं नाही, तिच्याही नाही.

बाबांचं केस कापायचं दुकान होतं. दोन खुर्च्या, लांबलचक आरसा आणि खुर्चीत बसल्या बसल्या दिसेल अशी माशांची टाकी. रडकी पोरं माशांकडे टक लावून बसायची, तेवढ्यात बाबा कात्री चालवून मोकळे. मोठी माणसंही काही कमी नव्हती. दाढी होऊन गेली तरी खुर्ची सोडायचं नाव घेत नसत.

एकदा मावशीच्या लग्नाला सगळं घर बाहेरगावी गेलं. बाबांनी शेजारच्या इस्त्रीवाल्याला बजावलं होतं, चिमूटभरच खाणं टाकायचं. पण त्याची माया अशी उतू गेली की परत येऊन बघतात तो खाण्याचा डबा रिकामा आणि पाणी दुधासारखं पांढरं. एक मासा म्हणून वाचला नव्हता. बाबा त्याला अवाक्षर बोलले नाहीत. तो बिचारा तोंड चुकवत फिरत होता, त्याला हाताला धरून आत आणलं आणि त्याचे केस कापून दिले.

मग मात्र बाबांनी चावीचं जुनं घड्याळ खोललं. तासकाट्याच्या जागी पावडरचा छोटा डबा आडवा बसवला. घड्याळ चालेल तसा डबा फिरायचा आणि त्यातून थोडं खाणं पाण्यात पडायचं. दुकानात हसून हसून पुरेवाट झाली, पण मासे जगले.

तेच यंत्र छोटीने स्वतःच्या घरच्या टाकीवर पुन्हा बनवलं होतं. शेजारणीने पाहिलं, तिला एक करून दिलं. शेजारणीच्या जावेने मागितलं, तिलाही दिलं. असं करत करत ते मासेविक्याच्या कानावर गेलं. चार गल्ल्या पलीकडे त्याचं टाक्यांचं मोठं दुकान होतं. एका सुट्टीच्या सकाळी तो घरी आला. यंत्र सगळ्या बाजूंनी निरखून बघितलं आणि चहा निवायच्या आत मुद्द्यावर आला.

"ताई, हे मला विका. मी कारखान्यात करून घेतो. पैसे तुम्ही म्हणाल तसे. फक्त एक, यापुढे हे कुणाला करून द्यायचं नाही. आणि कसं करतात तेही सांगायचं नाही."

"शेजारणीचं बिघडलं तर?"

"तिला माझ्याकडे पाठवा. नवीन घेईल."

माणूस वाईट नव्हता, सरळ बोलत होता. छोटी म्हणाली, "दादाला विचारून सांगते."

दादाने बाबांचं दुकान पुढे चालवलं होतं. गुडघे बोलायला लागल्यापासून तो एकच खुर्ची चालवायचा. छोटी गेली तेव्हा दुपारची वेळ होती, गिऱ्हाईक नव्हतं. दादा वस्तऱ्याची पाती पुसत होता. तिने सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, दादा हसण्यावारी नेईल. तो हसला नाही.

"विकून टाक," तो म्हणाला.

"अरे, पण आपल्याला काय कमी आहे?"

"कमीचा प्रश्न नाही." दादाने पातं खाली ठेवलं. "बाबांनी जन्मभर लोकांची डोकी सांभाळली. महिनाभरात केस वाढले की बाबांची कारागिरी गेली. त्यांच्या हातची एखादी वस्तू कुणी मागे लागून विकत मागतंय, असं पहिल्यांदा घडतंय. आणि तू ती वाटत सुटलीस, भाजी निवडून दिल्यासारखी."

दादाच्या मनात हे इतकी वर्षं असेल असं छोटीला कधी वाटलं नव्हतं. ती टाकीसमोरच्या खुर्चीत जाऊन बसली. टाकी आता नवी होती, पण जागा तीच.

"बरं," ती म्हणाली, "विकू. पण त्यातलं अंगुस्तान कुणाचं?"

"म्हणजे?"

"डब्याच्या आतलं. आधी कधी ढीगभर खाणं पडायचं, कधी काहीच नाही. आठवतं?"

दादाला आठवलं. त्याच्या चेहऱ्यावरूनच कळलं. "शिंपीकाका," तो म्हणाला. "अर्ध्या गालाला साबण, अर्धा गाल साफ. तसेच उठले आणि रस्त्यातून चालत स्वतःच्या शिवणाच्या दुकानात गेले."

"आणि सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते अंगुस्तान घेऊन आले. म्हणाले, हे आत चिकटवा, एका फेरीला एवढंच उचलेल."

"बाबा मागून ओरडतायत, अहो, वस्तरा लावलाय, हलू नका." दादाला आता हसू आवरेना. "आणि खाणं पाण्यात सोडणारी ती नळी? ती तर दवाखान्यातल्या कंपाउंडरने आणलेली."

"घड्याळ कुणाचं होतं?"

"इस्त्रीवाल्याचं. मासे मेल्यावर आणून दिलं होतं त्याने. बाबा घेत नव्हते, तो ठेवून पळाला."

दोघं बराच वेळ त्याच दुकानातल्या माणसांविषयी बोलत बसली. कोण झोपून जायचं, कोण उधारीवर मिशी कोरून घ्यायचं, कोण प्रत्येक माशाला वेगळ्या आवाजात हाक मारायचं. यातलं आता कुणीच उरलं नव्हतं.

शेवटी दादा उठला आणि पाती पुन्हा पुसायला लागला. "मग विकणार तरी कुणाचं?" तो स्वतःशीच म्हणाल्यासारखं म्हणाला. "राहू दे. पण बाबांचं काहीतरी व्हायला हवं होतं गं."

त्याचं समाधान झालं नव्हतं, हे छोटीला दिसत होतं. तरी तिने मासेविक्याला नकार कळवला. "तुम्ही बनवा की," ती म्हणाली. "माझी ना नाही. कसं करायचं तेही दाखवते. फक्त मला आणि बाकीच्यांना अडवू नका." तो जरा हिरमुसला, पण येऊन शिकून गेला. त्याने प्लास्टिकची यंत्रं दुकानात मांडली आणि ती बऱ्यापैकी खपलीही. ज्यांना स्वतः खटपट करायची होती, ते सुट्टीच्या दिवशी दादाच्या दुकानात येऊ लागले. सुरुवातीला दादा कोपऱ्यात पेपर वाचत बसायचा. मग एकदा छोटीने डबा उलटा धरला, तसा तो पेपर टाकून उठला. "अगं, बाबा असं नव्हते धरत. दे इकडे." त्या दिवसापासून शिकवणं त्याच्याकडेच गेलं.

पुढे कधीतरी चष्म्याच्या दुकानात एक अनोळखी बाई काडी मोडलेला चष्मा घेऊन आल्या. छोटी स्क्रू बसवत असताना त्या सहज सांगू लागल्या, माझी टाकी आहे, आणि तिच्यावर घड्याळाचं एक यंत्र आहे, तुम्ही बघितलंत तर थक्क व्हाल. छोटीने मान वर केली नाही.

"चांगलं चालतं का?"

"चालतं, पण दमट हवेत खाणं आत चिकटून बसायचं. मग मी डब्यात खडूचा तुकडा टाकला. ओल तोच पिऊन घेतो. आता कसं सुट्टं पडतं."

संध्याकाळी छोटी घरी न जाता थेट दादाच्या दुकानात गेली. तो कुणाच्या तरी मानेवर मशीन फिरवत होता.

"दादा, खडू टाकायचा," ती दारातूनच म्हणाली. "डब्यात. ओल धरत नाही."

दादाने मशीन बंद केलं. गिऱ्हाईक तसंच मान खाली घालून बसून राहिलं.

"कुणी सांगितलं?"

"एक बाई होत्या. नाव विचारायचं राहिलं."

"विचारायचं ना," दादा म्हणाला आणि खडू शोधायला खण उघडला.