डावीकडचं आपलं

आमची कंपनी चिप बनवते. आकडेमोड करणारी मुख्य चिप आम्हाला झोपेतही जमते. पडद्यावर चित्रं उमटवणारी, म्हणजे ग्राफिक्सची चिप, मात्र वर्षानुवर्षं पैसे गिळते आणि ढेकरही देत नाही. तरी ती आम्हाला लॅपटॉपमध्ये हवी, गेम खेळणाऱ्यांच्या घरात हवी, मोटारीत हवी, आणि एआयवाल्यांच्या गोदामाएवढ्या सर्व्हरमध्ये तर हवीच हवी. कोणी सांगावं, उद्या इस्त्रीतही बसवू.

या ग्राफिक्स चिपचे जनक आमचे 'आजोबा'. केस पांढरे म्हणून हे टोपणनाव. ग्राफिक्स विभाग बंद होणार ही बातमी त्यांनी इतक्यांदा ऐकली आहे, की हल्ली ते ती चहा पितापिता ऐकतात. या वेळी मात्र चहा तसाच राहिला. मोठे साहेब स्वतः लॅबमध्ये येऊन काय तो निकाल लावणार होते, आणि विभाग गेला तर या वयात आजोबांना दारात कोण उभं करणार होतं?

आमच्या लॅबची एक रीत आहे. आपली चिप आणि प्रतिस्पर्ध्याची चिप शेजारी शेजारी लावायची, दोन्हींवर एकच गेम चालवायचा आणि स्क्रीनखालच्या नावांवर चिकटपट्टी मारायची, म्हणजे डोळे घरच्यांची बाजू घेत नाहीत. पट्ट्या मी मारते. कुठलं कोणाचं हे फक्त मला ठाऊक असतं.

साहेब आले, मागोमाग सगळा विभाग जमला. दोन्ही स्क्रीनवर जंगलात ऊन पडलं होतं.

"यातलं आपलं कुठलं?"

"डावीकडचं," आजोबा ताडकन म्हणाले. "पोटचं पोर ओळखणार नाही का मी? आणि ते उजवीकडचं बघा. त्या काय सावल्या आहेत? शाई सांडलीय नुसती! असलं विकायला लाज कशी वाटत नाही?"

मी हळूच त्यांच्या पायावर पाय दिला.

"अगं, पाय बघ की जरा," म्हणत ते आणखी बोलणार, तेवढ्यात साहेबांनीच डावीकडची पट्टी ओढली. खाली प्रतिस्पर्ध्याचं नाव होतं.

साहेबांनी पट्टीची बोटांत गोळी केली.

"म्हणजे आपण मागे आहोत," साहेब शेवटी म्हणाले. "मग थांबून कसं चालेल? सगळ्या बाजारांत पैसा वाढवा."

माझी जीभ मला कधी आवरलेली नाही. "आणि साहेब, पुढे असतो तर?"

"तर पुढे राहण्यासाठी वाढवला असता."

धन्य! टाळ्या पडल्या आणि सगळे कॅन्टीनकडे पळाले. आजोबा उजवीकडच्या स्क्रीनसमोर बसून राहिले. विभाग वाचला होता, पण मला त्यांच्याकडे बघवेना.

"खरंच शाई सांडल्यासारखं दिसतं का गं?"

"छे हो, काहीतरीच."

"खोटं बोलू नकोस," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत आज पहिल्यांदा कोणीतरी खरं सांगितलं, आणि ते नेमकं मीच."