थोडं ॲडजस्ट करा

बाळंतपणाचं टेबल ओट्यावर उन्हात आलं होतं आणि त्यावर कुणीतरी तेलाचे दोन डबे ठेवले होते. नॅन्सी सिस्टरनं स्कूटी स्टँडवर चढवली आणि हेल्मेट न काढताच ती उपकेंद्राच्या पायऱ्या चढली.

"कुलूप कुणी उघडलं?"

"मागच्या साली तुमीच किल्ली दिल्ती की. तवाच दुसरी करून घेतली," उपसरपंच श्रीमंत आतूनच म्हणाला. "या शिस्टर. सप्त्याचा माल आलाय. उंदीर न लागनारी खोली गावात ही एकच. आठ दिवस थोडं ॲडजस्ट करा."

प्रसूतीच्या खोलीत भिंतीला लागून साखरेची अकरा पोती उभी राहिली होती. बारावं टेम्पोवाल्या बन्सीच्या खांद्यावर होतं. पोत्यांच्या मागं औषधांचं कपाट पार बुजून गेलं होतं.

"श्रीमंतराव, रेश्माचे दिवस भरलेत. आत्ता तिलाच तपासून येतेय. आज-उद्या कळा सुरू होतील."

"मग न्या की कर्जतला. रस्ता चांगला झालाय आता."

नॅन्सीनं तालुक्याच्या डॉक्टरांना फोन लावला. तिकडं मीटिंग चालू असावी. "सिस्टर, लोकल लेव्हललाच ॲडजस्ट करून घ्या ना. गावकऱ्यांशी वाद नको," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

नॅन्सीनं हेल्मेट काढलं, टेबलावरचे डबे उचलून खाली ठेवले आणि खोलीच्या उंबऱ्यातच बसली. दार अडलं. बन्सी पोतं घेऊन तिच्यासमोर तसाच उभा राहिला.

तिचा बाप कृपादान खर्ड्याकडच्या वस्तीवर शेतमजूर होता. रविवारी मात्र फेटा बांधून, टाळ-पेटीच्या साथीनं येशूचं कीर्तन करायचा. एक शब्द घ्यायचा आणि तासभर सोडायचा नाही. म्हणायचा, 'पोरी, शब्दाला तीन गोष्टी इचार. कोन बोललं, कुनाला बोललं, आन ऐकनाऱ्याचं काय गेलं.' ती गोडी नॅन्सीच्या रक्तात उतरली होती. गावाच्या सप्त्यात सातही दिवस बायकांच्या मागं बसून ती कीर्तन ऐकायची. महाराजांनी विठ्ठल म्हटलं काय आणि कुणी येशू म्हटलं काय, सूर लागला की तिचे डोळे भरून यायचे.

"उठा की शिस्टर. मानूस वज्यानं वाकलाय," श्रीमंत म्हणाला.

"वाकू दे थोडं. मी एकतीस वर्षं वाकलेय." तिचा आवाज बापासारखाच छातीतून येत होता. "ॲडजस्ट करा! पहिल्या दिवशी या गावात आले तेव्हा हाच शब्द ऐकला. उपकेंद्राला संडास नव्हता. साहेब म्हणाले, ॲडजस्ट करा. म्हणजे काय? तर उजाडायच्या आत तुरीच्या रानात जा."

"शिस्टर, कीर्तन उद्यापासून हाय," श्रीमंत हसला.

"आजच ऐका. उद्या तुम्ही मंडपामागं पत्ते कुटत असाल." बन्सीला हसू फुटलं, ते त्यानं पोत्याआड लपवलं. "महिना महिना लाईट नसायची. ॲडजस्ट करा. म्हणजे बॅटरी दातात धरा आणि टाके घाला. माझा बाप गेला तेव्हा पोलिओचे डोस चालू होते. रजा मागितली. तेव्हाही तेच. म्हणजे बापाचं तोंड बघू नका! एवढासा शब्द, पण दर वेळेला अर्थ वेगळा. तुम्ही सारे अगदी मऊ आवाजात बोलता, वर 'थोडं' लावता. कधी थोडं नसतं ते."

"देवाचं काम हाय हे, बाई!" श्रीमंतचा आवाज चढला. "तुमचा देव निराळा, म्हनून—"

"देव मधे घालू नका! तुमच्या बंगल्यातला हॉल रिकामा आहे. न्या तिथं देवाचं काम."

"तिथं नवी फरशी बसवलीय."

"मग करा की ॲडजस्ट!"

श्रीमंत तोंड इकडंतिकडं करत म्हणाला, "घरात मानसं राहत्यात."

"इथं जन्मतात." नॅन्सीनं बन्सीकडं पाहिलं. "आता शेवटचा अर्थ. मागच्या साली, सप्त्याच्या तिसऱ्या दिवशी साळूबाईची सून मोनिका कळा देत इथं आली. खोलीत साखर. टेबल मागं पत्र्याखाली. तुझ्या टेम्पोत घातलं तिला, बन्सी. सांग यांना, कुठं बाळंत झाली?"

बन्सीनं मान खाली घातली. "कॅनॉलच्या पुलावर," तो पुटपुटला.

"मुलगा होता. रडला नाही. त्याला श्वास द्यायची पिशवी या कपाटात होती, आणि कपाटापुढं पोत्यांची थप्पी. मी तोंडानं फुंकत राहिले. कर्जत येईपर्यंत फुंकत राहिले." मग बोलली तेव्हा आवाजात कीर्तन राहिलं नव्हतं. "आणि किल्ली मी दिली होती. मीच. यांनी मागितली आणि मी म्हणाले, बरं, करते ॲडजस्ट."

तेलाच्या डब्यावर माश्या घोंगावत होत्या.

बन्सी खांद्यावरच्या पोत्यासकट वळला. पायऱ्या उतरला, पोतं टेम्पोत टाकलं आणि परत येऊन म्हणाला, "सरका बाई. बाकीची काढतो."

"बन्श्या, तुला कुनी सांगितलं?" श्रीमंत ओरडला.

"कुनी न्हाई. त्या दिसाला टेम्पो मीच धुतला हुता, आप्पा."

अकरा पोती बाहेर यायला अर्धा तास लागला. श्रीमंतनं एकाला हात लावला नाही. जाताना म्हणाला, "बदलीचा अर्ज जातोय तुमचा, शिस्टर. ध्यानात ठिवा."

"चौदा महिने राहिलेत माझ्या रिटायरमेंटला. पाठवा. किल्ली ठेवून जा."

त्यानं किल्ली टेबलावर आपटली.

दुपारी नॅन्सी कुलूप बदलून घेत होती, तेव्हा साळूबाई आली. हातात खराटा आणि फिनेलची बाटली. तिनं लुगडं खोचलं आणि सांडलेली साखर गोळा करायला लागली. मुंग्या लागल्या होत्या. तिनं फरशी तीनदा पुसली. दोघींनी मिळून टेबल आत आणलं.

"उद्या राती कीर्तनाला यायचं न्हाई का?" साळूबाईनं विचारलं.

"रेश्मा मोकळी झाली की येते."

"जागा धरून ठिवते. माज्या शेजारी."

मग तिनं कनवटीची गाठ सोडून एक कुंची काढली. पिवळी, लाल काठाची. हाताची शिवण होती.

"रेश्माच्या लेकराला घाला. घातलेली न्हाई ती. कोरी हाय." आणि खराटा उचलून ती निघून गेली.

नॅन्सीनं कपाट उघडलं. श्वासाची पिशवी काढून दाबून पाहिली, आणि टेबलाच्या उशाशी ठेवली. बाळ तोलायचा काटा पुसला. कुंची ठेवायला दुसरी जागा दिसेना, म्हणून काट्याच्या ताटलीतच ठेवली.

सुई शून्यावरून हललीसुद्धा नाही.