लिफ्ट बंद आहे

"एकशे शहाण्णव!"

शिष्याने आकडा मोठ्याने वाचला आणि सभागृहात हळहळ पसरली. समोरच्या पडद्यावर आत्याचा रक्तदाब लाल अक्षरांत झळकत होता. शीतलबाबांनी डोळे मिटले, आत्याच्या कपाळाला दोन बोटं लावली, बाटलीतलं घोटभर पाणी पाजलं आणि दहा मिनिटं मौन फर्मावलं. दीडशे माणसं चिडीचूप. मग शिष्याने पुन्हा यंत्र लावलं.

"एकशे अडुसष्ट!"

टाळ्यांनी छत उडायचं तेवढं बाकी राहिलं.

"रक्त म्हणजे रागावलेलं पाणी," बाबा मधाळ आवाजात म्हणाले. "डॉक्टर त्याला गोळ्या घालतो. मी त्याची समजूत काढतो. आणि चौथ्या मजल्यावरच का? कारण इथे पृथ्वीची ओढ सैल होते. विज्ञानाला हे आत्ता कुठे कळू लागलंय."

कुठल्या विज्ञानाला, ते विचारायची सोय नव्हती. बाबांचं मौन सुटलं होतं, भक्तांचं नव्हतं ना!

तिसऱ्या रांगेत आत्याची भाची बसली होती. तिने टाळ्या वाजवल्या नाहीत. चार जिने चढून लागलेली धाप आत्ता कुठे बसली होती. खिशात सदा पाना असायचा म्हणून सगळे तिला पानाच म्हणत. दिवसा ती मिस्त्रींच्या हाताखाली लिफ्ट दुरुस्त करायची आणि संध्याकाळी कामकऱ्यांसाठीच्या कम्युनिटी कॉलेजात तेच काम रीतसर शिकायची. म्हणूनच खाली लटकवलेली 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी तिला खुपली होती. गुरुवारी याच लिफ्टला तिने स्वतःच्या हातांनी ग्रीस लावलं होतं.

पण त्याहून मोठी गोष्ट तिच्या उरावर बसली होती. मागच्या वर्षी एका सकाळी शिलाई मशीनवर बसल्या बसल्या आत्याचं तोंड वाकडं झालं होतं. डॉक्टरांनी वेळेत पकडलं, रोजची गोळी सुरू केली आणि बजावलं, चुकवायची नाही. तीन रविवार बाबांकडे गेल्यावर आत्याने ती पाकिटं कचऱ्याच्या डब्यात टाकली.

"अगं, डोळ्यांनी बघितलंस ना?" घरी जाताना आत्या म्हणाली. "अठ्ठावीसने उतरलं!"

"आत्या, गोळी घे ना."

"तू तुझ्या लिफ्टी सांभाळ गं!"

आई गेल्यापासून पानाला या बाईने वाढवलं होतं. पाना घाबरली होती, साफ घाबरली होती.

सोमवारी ती विज्ञानाच्या बाईंसमोर उभी राहिली. या बाईंचा एक खाक्या होता. धंदा कुठलाही शिका, वर्षात एक प्रयोग स्वतःचा करायचा, आणि उत्तर पुस्तकात सापडलं तर तो प्रयोग रद्द. एरवी त्या अटीला सगळा वर्ग वैतागलेला असायचा.

"बाई, तो बाबा लबाड आहे. चार जिने चढवतो, लगेच मोजतो. दाब वाढणारच!"

"तुला माहीत आहे की वाटतंय?"

"...वाटतंय."

"मग माहीत करून घे. त्याच्या पाण्यात खरंच काही असेल तर?"

"बाई!"

"असेल तर?" बाईंनी चष्मा पुसला. "हेही विचारायला लागेल."

कॉलेजची इमारतही चार मजल्यांचीच होती. नर्सिंगच्या वर्गाने यंत्र दिलं. शिपाई, माळी, कँटीनचे आचारी, मुलांच्या आया अशी साठ माणसं गोळा झाली. सगळ्यांना जिना चढवायचा, दाब मोजायचा, चिठ्ठी काढून कुणाला सभेतून आणलेलं बाबांचं पाणी तर कुणाला नळाचं द्यायचं, दहा मिनिटं बसवून परत मोजायचं. बाटल्या हुबेहूब एकसारख्या. मोजणाऱ्याला पत्ता नाही कुठलं पाणी कुणाच्या पोटात गेलं.

पहिल्या दिवशीचा निकाल फळ्यावर लिहिला आणि पानाचं तोंड उतरलं. बाबांच्या पाण्याने दाब सरासरी बावीसने उतरला होता. नळाच्या पाण्याने फक्त बाराने.

"बाई, हे फाडून टाकू या."

"वा! नकोसं वाटलं की फाडायचं? मग तो बाबा तरी काय वाईट करतोय?" बाई पहिल्यांदाच चिडल्या. "बाटल्या कोणी वाटल्या?"

बाबांच्या पाण्यापाशी नळकामाच्या वर्गातला मुलगा होता. तो दिवसाला चार शब्द बोलला तर खूप. नळाच्या पाण्यापाशी केस कापायला शिकणारी मुलगी होती, जिला सगळे कात्री म्हणत.

"कात्री, दहा मिनिटं तू काय करत होतीस?"

"काही नाही बाई. नुसत्या गप्पा. कुठे राहता, मुलं किती, सासू कशी आहे." तिने जीभ चावली. "आता खुर्चीवर माणूस बसला की माझं तोंड आपोआप सुरू होतं. आम्हाला पहिल्याच आठवड्यात शिकवलंय, गिऱ्हाइकाला अवघडू द्यायचं नाही."

"आणि ते बोलत होते?"

"सासूचा विषय काढल्यावर? थांबतायत कुठले!"

सगळा वर्ग खो खो हसला. बाई मात्र टिपून घेत होत्या. बोलताना दाब चढतो, हे नर्सिंगच्या मुलींनी लगेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी बाटल्यांची अदलाबदल केली, आणि काय सांगावं, नळाचं पाणी सिद्धपुरुष झालं! तिसऱ्या दिवशी कात्रीच्या तोंडाला रुमाल बांधला. दोन्ही पाण्यांनी दाब सारखाच उतरला. चौथ्या दिवशी सगळ्यांना लिफ्टने वर आणलं, आधीच दहा मिनिटं गुपचूप बसवलं आणि मग मोजलं. त्यानंतर बाबांचं पाणी पाजा नाहीतर नळाचं, दाब जागचा हलेना.

आत्याला तक्ता दाखवला. तिने नाक मुरडलं. "तुमच्या कॉलेजात बाबांचा स्पर्श कुठे होता?"

बोलणं बरोबर होतं. पानाला तेही वहीत लिहावं लागलं.

मग सोसायटीच्या सेक्रेटरीबाई धावून आल्या. त्या बाबांच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायच्या आणि त्यांचे गुडघे दर रविवारी जिन्याला शिव्या घालायचे. त्यांनी मिस्त्रींना तक्रार दिली, लिफ्ट रविवारीच का बिघडते? शनिवारी पाना आणि मिस्त्री वर मशीनघरात गेले. बिघाड काही नव्हता. खालची चावी फिरवली की लिफ्ट बंद, परत फिरवली की चालू. प्रत्येक फेरी तारीख-वेळेसकट मोजणारं यंत्र मात्र कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. पानाने त्यातले आकडे उतरवून घेतले.

रविवारी पाटी गायब होती. सेक्रेटरीबाई स्वतः दाराशी उभ्या राहून एकेकाला लिफ्टमध्ये घालत होत्या. बाबा यायच्या आधी पंधरा मिनिटं सगळी मंडळी सभागृहात शांत बसली. कात्री कोपऱ्यात ओठ गच्च मिटून उभी होती.

बाबांनी आत्यालाच पुढे बोलावलं. हमखास यश देणारी भक्तीण!

"एकशे सदुसष्ट!" शिष्य वाचून गेला आणि स्वतःच चपापला.

कपाळाला बोटं लागली. पाणी पाजलं. दहा मिनिटांचं मौन झालं.

"एकशे... एकोणसत्तर."

कुणीतरी खाकरलं. बाबांनी आणखी चौघांना बोलावलं. एकाचा दाब एका अंकाने उतरला, दोघांचा तसाच राहिला, एकाचा तीनने वाढला.

"लिफ्टच्या विजेने लहरी बिघडतात!" बाबा कडाडले. "म्हणूनच मी भक्तांना पायी यायला सांगतो. मी स्वतः..."

"तुम्ही स्वतः लिफ्टने येता," पाना उभी राहिली. "दर रविवारी पाटी लागल्यावर लिफ्टच्या दोनच फेऱ्या होतात. सकाळी एक वर, दुपारी एक खाली. यंत्राने मोजल्यात. चावी कुणाकडे असते, या शिष्याला विचारा."

शिष्याचा हात नकळत खिशाकडे गेला. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्याला हसू आवरेना, आणि मग ते सगळ्या सभागृहात पसरलं.

पाना मात्र हसत नव्हती. ती आत्यापाशी गेली आणि पडद्याकडे बोट दाखवलं. "आत्या, त्या दिवशीही उतरून उतरून एकशे अडुसष्टच झाला होता. अठ्ठावीस जिन्याचे होते, ते बसल्यावर आपोआप गेले. हे जे उरलंय ना, हे तुझं आहे. यानेच तुझं तोंड वाकडं केलं होतं. सगळे उतरलेल्या आकड्याला टाळ्या वाजवत बसले."

आत्याने आपली पिशवी उचलली. मग हळूच म्हणाली, "कचरा नेला असेल गं आता. गोळ्या नव्या आणाव्या लागतील."

पानाच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

बाबांचा मुक्काम पुढच्याच आठवड्यात हलला. ऐकतो, नव्या जागी सहावा मजला घेतलाय. तेव्हा वाचकहो, एवढंच करा. कुणी आधीचा आणि नंतरचा आकडा दाखवला, तर मधल्या वेळात आणखी काय काय झालं ते विचारा. आणि आपल्या मनासारखं उत्तर आलं तर दोनदा विचारा. कॉलेजच्या व्हरांड्यात लावलेल्या तक्त्यावर मुलांनी पहिल्या दिवसाचा फसलेला निकालही ठेवलाय, कात्रीच्या गप्पांसकट. लपवलं ते फक्त सासवांबद्दलचं.

आणि आत्या? ती पानाला घेऊन डॉक्टरांकडे गेली. नर्सने लगबगीने पट्टा दंडाला गुंडाळायला घेतला, तशी आत्याने हात मागे ओढला.

"थांबा बाई. आत्ताच जिना चढून आलेय. दहा मिनिटं बसू द्या, मग मोजा. आणि तोवर माझ्याशी बोलू नका."