अकरा वर्षं जपलेली मेणाची वडी

मी मेणाची एक जुनी वडी आहे. तोंडाला पाणी सुटू देऊ नका मित्रांनो, मी खायची वडी नव्हे! काड्यापेटीपेक्षा लहान, मळकट पांढरी, आणि पोटात नखाएवढा मांसाचा एक करडा तुकडा. तो तुकडा शाळेचे गणवेश शिवणाऱ्या एका बाईंच्या अंगातला. मी फक्त तो जपला. माझ्या आयुष्यात जे काही चांगलं घडलं, ते ह्या जपण्यामुळेच घडलं.

बाईंच्या छातीत गाठ आली होती. आधी वाटाण्याएवढी होती. दुखत नव्हती, म्हणून त्यांनी तिच्याकडे कानाडोळा केला. शाळा उघडायच्या दिवसांत कोण दवाखान्यात जाऊन बसणार? आठ महिने असेच गेले. शेवटी त्यांच्या नणंदेच्या लक्षात आलं की वहिनी वरच्या फळीवरचं कापड काढताना हात पुरता उचलत नाही. नणंद भलतीच खमकी. तिने चालू शिवणयंत्र बंद केलं, दुकानाला कुलूप लावलं आणि वहिनीला इस्पितळात आणून उभं केलं. शस्त्रक्रिया झाली, गाठ निघाली आणि ती आमच्या प्रयोगशाळेत आली.

तिथे तिची गाठ कंजूष काकांशी पडली. काका प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ. काहीही टाकवत नसे त्यांना, म्हणून सगळ्यांनी हे नाव ठेवलं होतं, आणि काकांनाही त्याचं वाईट वाटत नसे. डॉक्टरांनी गाठीतून निवडलेला तुकडा त्यांनी जाळीच्या लहानशा डबीत ठेवला. डबीवर शिसपेन्सिलीने क्रमांक लिहिला; शाई पुढच्या औषधांत विरघळते, शिसपेन्सिल टिकते. मग तुकड्यातलं पाणी हळूहळू काढून टाकलं आणि त्याच्यावर गरम मेण ओतलं. मेण गार झालं, डबी माझ्या पाठीला कायमची चिकटली आणि माझा जन्म झाला.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला यंत्रावर बसवून माझे पातळ काप काढले. किती पातळ? तुमच्या डोक्यावरचा एक केस उभा चिरून त्याचे पंधरा-वीस पदर करता आले, तर त्यातला एक पदर जेवढा होईल, तेवढे! ते कोमट पाण्यावर तरंगले, काचपट्टीवर चढले, गुलाबी-जांभळ्या रंगात न्हाले. म्हाताऱ्या डॉक्टरसाहेबांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि काचपट्टी इकडून तिकडे सरकवत नीट पाहिली.

"कर्करोगच आहे," ते शेवटी म्हणाले. "पण वेळेत आल्या म्हणायचं. आठ महिने आधी आल्या असत्या तर आणखी बरं झालं असतं."

साहेब विद्यार्थ्यांना नेहमी सांगत, की एके काळी ह्या रोगावर सुरीखेरीज काही नव्हतं. मग किरण आले, मग औषधं आली. ती औषधं रोगाला झोडपत, पण अंगालाही सोडत नसत. बाईंनी ती सगळी घेतली. केस गेले, तोंडाची चव गेली. तरी त्या बऱ्या झाल्या आणि पुन्हा यंत्रावर बसल्या.

माझं काम मात्र संपलं. मी तळघरातल्या लोखंडी खणात गेले. आजूबाजूला माझ्यासारख्याच हजारो वड्या. कुणाच्या पोटात जठराचा तुकडा, कुणाच्या पोटात जिभेचा. वर्षांमागून वर्षं गेली. खण कुणी उघडत नव्हतं. आपलं कुणाला काही अडत नाही, हे कळणं फार जड असतं मित्रांनो. मीही मनातल्या मनात खट्टू झाले होते.

आणि एक दिवस इस्पितळाचा कारभार पाहणारे मोठे साहेब तळघरात आले. त्यांना सभागृहाच्या जादा खुर्च्या ठेवायला जागा हवी होती.

"हे सगळं दहा वर्षांपूर्वीचं ना? मग काढून टाका. नियमात बसतंय," ते म्हणाले.

"साहेब, खुर्च्या कुठेही मिळतील," काका म्हणाले. "ह्यातला एक तुकडा गेला, तर तो कुठून आणायचा? माणूस पुन्हा कापायचा का?"

"काका, तुम्ही तर जुनी पाकिटंसुद्धा फेकत नाही!"

"पाकिटं घेऊन जा. आत्ता देतो. ह्यांना हात लावू नका."

काका आवाज चढवणाऱ्यांतले नव्हते. त्या दिवशी त्यांचा आवाज चढला. तळघर गेलंच, पण खण वाचले. काकांनी ते एकेक करून वर आणले आणि आपल्या टेबलामागच्या बोळात रचले. येणाजाणाऱ्यांच्या नडग्या त्यांच्यावर आपटत आणि लोक काकांच्या नावाने बोटं मोडत. त्या ओढाताणीत काही खणांतल्या वड्यांची सरमिसळ झाली. त्यात माझाही खण होता.

पुढच्याच वर्षी प्रयोगशाळेच्या खिडकीशी एक बाई येऊन उभी राहिली. हातात घड्यांवर फाटलेला कागद.

"माझ्या वहिनीची अकरा वर्षांपूर्वीची तपासणी आहे ही. तो तुकडा हवाय. असेल का हो?"

हीच ती खमकी नणंद. तिच्याकडून सगळं कळलं. वहिनीचा खोकला हटेना म्हणून छातीच्या आतलं क्ष-किरण चित्र काढलं, तर फुप्फुसांत गाठी दिसल्या. जुना रोग पुन्हा उपटला होता. नव्या डॉक्टरीणबाईंचं म्हणणं असं, की काही गाठींच्या पेशींवर एक विशिष्ट प्रथिन खच्चून भरलेलं असतं. ते असेल तर थेट त्यालाच जाऊन चिकटणारं औषध आता निघालं आहे. नसेल तर त्या औषधाचा काडीचा उपयोग नाही. अकरा वर्षांपूर्वी त्या प्रथिनाची तपासणी आमच्याकडे होत नव्हती. आता नव्या गाठीचा तुकडा काढावा, तर ती मोठ्या रक्तवाहिनीला खेटून बसलेली. सुई घालणं जिवावरचं. म्हणून जुना तुकडा हवा होता.

काकांनी वही काढली. क्रमांक सापडला. खण उघडला. मी तिथे नव्हते!

दोन दिवस काका एकेक खण उपसत होते. मला माझा क्रमांक ऐकू येत होता. 'इथे आहे मी, इथे!' असं ओरडावंसं वाटत होतं. पण मेणाला कुठलं तोंड? नणंद रोज सकाळी खिडकीबाहेरच्या बाकावर येऊन बसे.

"तुम्ही घरी जा, मी फोन करतो," काका म्हणाले.

"घरी गेले तर वहिनी विचारेल, मिळाला का? काय सांगू? त्यापेक्षा इथेच बरी. तुम्ही शोधा, मी तुम्हाला काही बोलत नाही." आणि मग दर अर्ध्या तासाने ती विचारायचीच, "काका, चहा आणू का? ... नाही मिळाला ना अजून?"

तिसऱ्या दिवशी दुपारी काकांच्या बोटांनी मला उचललं. त्यांनी शिसपेन्सिलीचे आकडे चष्म्याजवळ नेऊन दोनदा वाचले, वहीशी ताडून पाहिले आणि मला घेऊन खिडकीशी आले. "सापडली हो बाई," ते म्हणाले. एवढा वेळ तोंडाचा पट्टा चालवणारी नणंद पदरात तोंड लपवून रडायला लागली.

पण खरी कसोटी पुढेच होती. आधीच्या कापांत माझ्या पोटातला तुकडा बराच खर्ची पडला होता. काकांनी मला बर्फावर ठेवून घट्ट केलं आणि यंत्रावर चढवलं. पहिला काप चुरगळला. काकांनी हात मागे घेतला, पातं बदललं, पुन्हा चाक फिरवलं. दुसरा काप अख्खा निघाला आणि पाण्यावर अलगद पसरला. मी श्वास घेत नाही, पण तेव्हा रोखून धरला होता असंच म्हणा.

ह्या वेळी काचेला लावलेला रंग ते प्रथिन असेल तिथेच चढतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डॉक्टरीणबाईंनी काच पाहिली. प्रत्येक पेशीभोवती तपकिरी रंगाचं ठसठशीत कडं होतं.

"आहे!" त्या म्हणाल्या. "काका, भरपूर आहे! बघा तरी!"

काकांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं. "सुरेख," ते म्हणाले. रोगाला सुरेख म्हणणारे तेच एक!

औषध सुरू झालं. दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून. नणंद दर खेपेला खिडकीशी येऊन बातमी देई. "खोकला कमी झाला." "वहिनी जिना चढली." "वहिनी माझ्यावर डाफरली, म्हणजे आता बरी आहे!" सहा महिन्यांनी काढलेल्या चित्रात गाठी निम्म्याहून लहान झाल्या होत्या. रोग पुरता गेला नव्हता, औषध चालूच राहणार होतं. पण बाई पुन्हा गणवेश बेतू लागल्या होत्या.

ह्या प्रथिनाचं महत्त्व लोकांना कळलं तरी कसं, ठाऊक आहे? संशोधकांनी माझ्यासारख्याच कितीतरी जुन्या वड्या खणांतून काढून तपासल्या. त्या वड्यांमधली बरीचशी माणसं तेव्हा हयातही नव्हती. त्यांना त्या औषधाचा थेंबही मिळाला नाही, आणि आमच्या बाईंना मात्र मिळाला. त्या अनोळखी माणसांचं ऋण मी कसं मानू?

गेल्या महिन्यात बाई स्वतः आल्या. केस पांढरे, पण चाल ताठ. त्यांना मला बघायचं होतं. काकांनी मला त्यांच्या तळहातावर ठेवलं.

"एवढीशीच?" त्या म्हणाल्या.

"एवढीशीच!" नणंद म्हणाली. "हिच्यापायी तीन दिवस बाकावर बसून माझी कंबर धरली."

बाई हसल्या. मग बोटाने माझी कड चाचपत म्हणाल्या, "काका, हिच्यात अजून काही उरलंय का?"

"दोन-तीन काप निघतील."

"मग हिला माझ्यासाठी राखून ठेवू नका. डॉक्टरीणबाई म्हणत होत्या, हे औषध काहींना पुढे लागू का पडत नाही, ते त्या शोधताहेत. त्यांना द्या. कुठे सही करायची ते सांगा."

काकांनी आधी मला उचलून मुठीत घेतलं. कंजूष माणूस तो! मग त्यांनी कागद पुढे केला आणि बाईंनी सावकाश, नीट अक्षरात सही केली.

तर मित्रांनो, उद्या मी पुन्हा यंत्रावर चढणार आहे. ह्या खेपेनंतर माझ्यात मेणाशिवाय काही उरणार नाही. मला त्याचं दुःख नाही. तुम्हाला एवढंच सांगायचं आहे: अंगात कुठे गाठ लागली, तर दुखत नाही म्हणून लपवू नका, आणि घरातलं कुणी लपवत असेल तर त्या नणंदेसारखं हट्टाला पेटा. आणि कुठे एखादे काका जुन्या खणांची राखण करताना दिसले, तर त्यांना हसू नका. जमलं तर खण उचलायला एक हात लावा.

काकांनी बर्फ आणायला सांगितला आहे.